एका सर्व्हरवर क्यू मॅनेजर किती ठेवावेत?

नव्या सर्व्हरचे कोटेशन आले की सोलापुरातल्या नागरी सहकारी बँकांच्या संगणक विभागात एक प्रश्न हमखास निघतो. एका व्हेंडरने सहा क्यू मॅनेजर सुचवलेले असतात, दुसऱ्याने एकच, आणि तिसरा म्हणतो, ‘प्रत्येक ॲप्लिकेशनला एक देऊन टाका, म्हणजे भानगड नको.’ संचालक मंडळाला एक आकडा हवा असतो आणि तुमच्या हातात तीन असतात. साखर कारखाने आणि टॉवेल-चादरींचे निर्यातदार आपली बिलिंग, साठा आणि बँक यांची सॉफ्टवेअर एकमेकांना जोडू लागले, की त्यांच्याकडेही हाच पेच येतो.

हा लेख आयबीएम एमक्यू हे मेसेज पोहोचवणारे सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण बँकांच्या पेमेंट व्यवस्थेशी काम करणाऱ्यांची गाठ बहुधा त्याच्याशीच पडते. उत्तर आधीच सांगतो. एकापासून सुरुवात करा. दुसरा तेव्हाच वाढवा, जेव्हा तो वेगळा बंद करण्याची, वेगळा हलवण्याची किंवा वेगळ्या माणसाच्या ताब्यात देण्याची गरज तुम्हाला एका ओळीत लिहिता येईल. ही ओळ कशी शोधायची, ते पुढे पाहू.

आधी एवढे लक्षात घ्या

कोअर बँकिंगने पाठवलेला पेमेंटचा मेसेज क्यू मॅनेजर ताब्यात घेतो, डिस्कवरच्या लॉगमध्ये लिहितो आणि समोरचे ॲप्लिकेशन तो उचलेपर्यंत सांभाळतो. मेसेज ज्या रांगेत थांबतो ती क्यू. एका क्यू मॅनेजरमध्ये अशा शेकडो क्यू सुखाने राहतात.

यंत्रमागाच्या शेडमध्ये माग कितीही असोत, मेन स्विच एक असतो. क्यू म्हणजे माग आणि क्यू मॅनेजर म्हणजे मेन स्विच. मागांची संख्या वाढली म्हणून कोणी दुसरा मेन स्विच बसवत नाही. अर्धी शेड चालू ठेवून अर्धी बंद करायची असेल, तेव्हा बसवतो.

प्रत्येक नव्या क्यू मॅनेजरबरोबर पुढील गोष्टी येतात:

- स्वतःचा लॉग आणि त्यासाठी डिस्कवर राखलेली जागा
- स्वतःचा लिसनर आणि पोर्ट. पहिल्याला सवयीने १४१४ दिला जातो, पुढच्यांना वेगळे शोधावे लागतात आणि फायरवॉलमध्ये उघडावे लागतात
- स्वतःचे चॅनेल (बाहेरच्यांशी जोडणीचे मार्ग), सुरक्षा नियम, प्रमाणपत्रे आणि त्या प्रमाणपत्रांच्या मुदती
- स्वतःची डेड लेटर क्यू, म्हणजे पोहोचवता न आलेल्या मेसेजची रांग, जी रोज कोणीतरी पाहावी लागते
- एकही मेसेज नसताना चालू राहणाऱ्या दहा-बारा प्रोसेस

सहा क्यू मॅनेजर म्हणजे ही यादी सहा वेळा. तीन माणसांच्या संगणक विभागाने ती पेलायची आहे, हे कोटेशनमध्ये लिहिलेले नसते.

तुम्हाला स्वतःचा क्यू मॅनेजर लागतो का?

उत्तर शून्यही असू शकते, म्हणून हे आधी तपासा.

आरटीजीएस २६ मार्च २००४ रोजी आणि एनईएफटी नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाले. या पेमेंटचे मेसेज एसएफएमएस या आंतरबँक संदेशव्यवस्थेतून जातात. तिचा कारभार आता रिझर्व्ह बँकेच्या परिवारातली इफ्टास ही कंपनी पाहते. जी बँक या व्यवस्थेची थेट सदस्य आहे, तिच्याकडे गेटवे असतो आणि त्याच्या मागे क्यू मॅनेजर असतो. तुमची बँक एखाद्या मोठ्या प्रायोजक बँकेमार्फत उपसदस्य म्हणून जोडलेली असेल, तर गेटवे प्रायोजक बँकेकडे असतो. तुमची देवाणघेवाण फाइल किंवा एपीआयमधून होते. अशा बँकेने निव्वळ एनईएफटीसाठी एमक्यूचा परवाना घेण्याआधी प्रायोजक बँकेला लेखी विचारावे: ‘आमच्या बाजूला क्यू मॅनेजर असणे ही तुमची अट आहे का?’ उत्तर ‘नाही’ आले, तर बहुतेकांचा प्रश्न तिथेच मिटतो.

थेट सदस्य बँकांसाठी उलट बाजू आहे. गेटवेसाठीच्या क्यू मॅनेजरचे नाव, चॅनेल आणि क्यू यांची मांडणी गेटवेच्या तांत्रिक दस्तऐवजात ठरवून दिलेली असते. तिथे आपले डोके चालवू नका. तुमचा निर्णय उरतो तो बँकेच्या आतल्या ॲप्लिकेशनपुरता.

दुसरा क्यू मॅनेजर वाढवण्याची खरी कारणे

- बंद करण्याची वेळ वेगळी असणे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, वर्षभर चालते. पूर्वी रात्री मिळणारा मोकळा वेळ आता नाही. एसएमएस पाठवणारी व्यवस्था आठवड्याला बंद करावी लागत असेल आणि तिच्यामुळे पेमेंटचा क्यू मॅनेजर थांबत असेल, तर ती वेगळी काढा.
- हलवण्याची गरज वेगळी असणे. एक सर्व्हर पडल्यावर दुसऱ्यावर जातो तो अख्खा क्यू मॅनेजर. त्यातल्या निवडक क्यू जात नाहीत. पेमेंट दोन मिनिटांत दुसऱ्या सर्व्हरवर उभे राहायला हवे आणि अहवालांचे काम उद्यावर गेले तरी चालते, असे असेल तर दोन्ही एकत्र बांधू नका.
- मालक वेगळे असणे. एकाच ठिकाणाहून दोन-तीन बँकांना सेवा देणाऱ्या केंद्रात प्रत्येक बँकेला स्वतंत्र क्यू मॅनेजर हवाच. एका बँकेचे मेसेज दुसरीच्या लॉगमध्ये लिहिले जाणे ऑडिटमध्ये समजावून सांगता येत नाही.
- लॉगवर खरोखर ताण असणे. कायम टिकायला हवे असे सगळे मेसेज एका क्यू मॅनेजरच्या एकाच लॉगमधून जातात. मोजमापात तो लॉगच अडतो असे दिसले आणि दुसऱ्या लॉगसाठी वेगळी डिस्क असेल, तर विभागणीचा उपयोग होतो. डिस्क तीच असेल, तर दोन लॉग त्याच डिस्कसाठी भांडतात.

जी कारणे वाटतात, पण कारणे नसतात

‘ऊसबिलाच्या दिवशी क्यू भरते.’ ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार कारखान्याने ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यामुळे गाळप हंगामात बिले एकगठ्ठा येतात. समजा, एका दिवशी २०,००० शेतकऱ्यांची बिले दोन तासांत पाठवायची आहेत. म्हणजे सेकंदाला तीनपेक्षा कमी मेसेज. बरा सर्व्हर आणि बरी डिस्क असलेला एक क्यू मॅनेजर सेकंदाला शेकड्यांनी मेसेज हाताळतो. मग अडते कुठे? नव्या क्यूची कमाल खोली मुळात ५,००० मेसेजची असते. समोरचा गेटवे काही वेळ थांबला की ५,००१ वा मेसेज नाकारला जातो किंवा डेड लेटर क्यूत जातो. ही मर्यादा एका आज्ञेने वाढवता येते. वाढवताना डिस्कवर तेवढी जागा आहे ना, एवढे पाहा.

‘नवीन शाखा जोडल्या की कनेक्शन मिळत नाही.’ एका क्यू मॅनेजरवर एकाच वेळी चालू राहणाऱ्या चॅनेलची मूळ मर्यादा १०० असते. तीही संरचना फाइलमध्ये बदलता येते. त्याआधी कोणते ॲप्लिकेशन कनेक्शन उघडून बंद करायला विसरते, ते शोधा. मर्यादा वाढवून गळती थांबत नाही.

‘मेसेज मोठा आहे.’ मूळ मर्यादा ४ एमबी असते आणि ती १०० एमबीपर्यंत वाढवता येते. क्यू, चॅनेल आणि क्यू मॅनेजर अशा तिन्ही ठिकाणी ती बदलावी लागते. एक ठिकाण राहिले की मेसेज तिथे अडकतो.

‘एक पडला तर दुसरा आहे.’ हा सगळ्यांत महाग गैरसमज. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना सर्व्हर रूमचा एसी बंद पडला आणि सर्व्हर तापून थांबला, तर त्याच्यावरचे सहाही क्यू मॅनेजर एकदमच थांबतात. आधार हवा असेल तर दुसरा सर्व्हर लागतो.

‘प्रत्येक क्यू मॅनेजरला वेगळा परवाना लागतो, म्हणून एकच ठेवा.’ हा गैरसमज उलट बाजूचा. नेहमीच्या परवान्यात पैसे प्रोसेसरच्या क्षमतेवर ठरतात, क्यू मॅनेजरच्या संख्येवर नाही. त्यामुळे संख्या वाढवली म्हणून बिल वाढत नाही, आणि कमी केली म्हणून वाचतही नाही. विकसनासाठी मोफत मिळणारी आवृत्ती मात्र खऱ्या व्यवहारांना वापरू नका.

कागदावर करायच्या पाच पायऱ्या

1. यादी करा. मेसेज पाठवणारे आणि घेणारे प्रत्येक ॲप्लिकेशन लिहा: कोअर बँकिंग, पेमेंट गेटवे, एटीएम स्विच, मोबाइल बँकिंग, एसएमएस, अहवाल. प्रत्येकासमोर रोजचे मेसेज आणि सर्वांत गर्दीच्या तासातले मेसेज लिहा. आकडा व्हेंडरच्या अंदाजातून न घेता तुमच्या लॉगमधून काढा.

2. तीन रकाने भरा. हे किती वेळ बंद चालेल? याची सूत्रे कोणाकडे आहेत? हे आणखी कोणाबरोबर एका व्यवहारात बांधलेले आहे?

3. बांधलेले एकत्र ठेवा. एकच ॲप्लिकेशन दोन क्यू मॅनेजरना थेट जोडले गेले, तर दोन्हींवरचे काम एका कमिटमध्ये बसत नाही. त्यासाठी बाहेरचा ट्रान्झॅक्शन मॅनेजर आणावा लागतो. तो नसेल तर एका बाजूने मेसेज निघाला आणि दुसऱ्या बाजूला पोहोचलाच नाही, किंवा दोनदा पोहोचला, असे होऊ शकते. खात्यातली वजावट आणि पेमेंटचा मेसेज अशा जोड्या कधीही फोडू नका.

4. उरलेल्यांचे गट करा. बंद राहण्याची मुभा आणि मालक सारखे असलेली ॲप्लिकेशन एका क्यू मॅनेजरमध्ये घाला. जितके गट, तितका तुमचा आकडा. सहसा तो एक किंवा दोन निघतो. तीनच्या पुढे गेला तर दुसरा रकाना पुन्हा तपासा.

5. चाचणी घ्या. चाचणीच्या सर्व्हरवर सगळे क्यू मॅनेजर एकदम बंद करून एकदम चालू करा. वीज जाऊन आली की खऱ्या सर्व्हरवर हेच घडणार आहे. शेवटचा चॅनेल जोडला जाईपर्यंत लागलेला वेळ लिहून ठेवा. दुसरा सर्व्हर असेल, तर एकाला सगळ्यांचा भार पेलवतो का, तेही पाहा. दोन सर्व्हरवर निम्मे-निम्मे काम वाटलेले असते, तेव्हा ही तपासणी हमखास राहून जाते.

कोणाला किती: एक ढोबळ अंदाज

- उपसदस्य बँक: शून्य किंवा एक.
- थेट सदस्य बँक: खऱ्या कामाच्या सर्व्हरवर गेटवेसाठी ठरवून दिलेला एक आणि आतल्या ॲप्लिकेशनसाठी एक. चाचणीचे क्यू मॅनेजर वेगळ्या सर्व्हरवर.
- अनेक बँकांना सेवा देणारे केंद्र: प्रत्येक बँकेला एक, आणि शक्यतो प्रत्येकाला वेगळे आभासी मशिन. कारण पुढच्या भागात.
- साखर कारखाना किंवा टॉवेल निर्यातदार: एक पुरतो. बँकेच्या पेमेंट गेटवेशी थेट संबंध नसेल, तर रॅबिटएमक्यूसारख्या मुक्त प्रणालीचाही विचार करा. तिथे विक्री, साठा, लेखा असे विभाग वेगळे ठेवायला एकाच ब्रोकरमध्ये व्हर्च्युअल होस्ट करता येतात. दुसरा ब्रोकर उभा करावा लागत नाही.

दुसऱ्या सर्व्हरचा आधार घ्यायचा असेल तर एमक्यूमध्ये दोन सरळ मार्ग आहेत. मल्टी-इन्स्टन्स पद्धतीत दोन सर्व्हर आणि दोघांनाही दिसणारी सामायिक नेटवर्क डिस्क लागते. एकावर क्यू मॅनेजर चालतो, दुसऱ्यावर तोच तयारीत उभा असतो. दुसऱ्या मार्गात तीन लिनक्स सर्व्हर एकमेकांकडे माहितीची प्रत ठेवतात आणि सामायिक डिस्क लागत नाही. पहिल्या मार्गात ती डिस्कच पडली तर दोन्ही सर्व्हर निरुपयोगी होतात, म्हणून तिच्या दर्जावर काटकसर करू नका.

हमखास होणाऱ्या चुका

- चाचणी आणि खरे काम एकाच सर्व्हरवर ठेवणे. एका सर्व्हरवर एमक्यूच्या प्रशासक गटातला माणूस त्या सर्व्हरवरच्या सगळ्या क्यू मॅनेजरचा प्रशासक असतो. चाचणीसाठी बाहेरच्या प्रोग्रामरला त्या गटात घेतले, की खऱ्या पेमेंटच्या क्यूही त्याच्या हाताखाली जातात. वेगळ्या बँकांना वेगळे आभासी मशिन द्यायचे ते याचसाठी.
- सुधारणा वेगवेगळ्या करता येतील असे गृहीत धरणे. एकाच इन्स्टॉलेशनवर चालणारे सगळे क्यू मॅनेजर सुधारणा बसवताना एकदम थांबवावे लागतात. ७.१ आवृत्तीपासून एका सर्व्हरवर अनेक इन्स्टॉलेशन ठेवता येतात, पण ते मुद्दाम तसे बसवावे लागते. वेगळ्या वेळी बंद करण्यासाठी दोन क्यू मॅनेजर घेतले असतील, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.
- नाव घाईत देणे. क्यू मॅनेजरचे नाव नंतर बदलता येत नाही. ४८ अक्षरांपर्यंत मुभा आहे, पण पहिली १२ अक्षरे प्रत्येकाची वेगळी ठेवा. मेसेजची ओळख तयार होताना तीच वापरली जातात. नावात सर्व्हरचे नाव घालू नका, कारण सर्व्हर बदलतो आणि नाव तेच राहते.
- ॲप्लिकेशनच्या आत क्यू मॅनेजरचे नाव लिहून टाकणे. जोडणीची माहिती बाहेरच्या तक्त्यात ठेवली, तर उद्या एकाचे दोन करणे सोपे जाते. दोनाचे एक करणे मात्र नेहमीच अवघड. कमी आकड्यापासून सुरुवात करण्याचे हे आणखी एक कारण.
- चालू क्यू मॅनेजरच्या फाइलींची नुसती कॉपी घेऊन तिला बॅकअप म्हणणे. लॉग आणि क्यूच्या फाइली एकाच क्षणाच्या नसतील, तर त्या प्रतीतून क्यू मॅनेजर उभा राहील याची खात्री नसते. क्यू, चॅनेल यांच्या व्याख्यांची प्रत वेगळी आणि नियमित काढा. आपत्तीसाठीच्या पर्यायी केंद्राकडे पाठवताना लॉग आणि क्यू एकाच संचात पाठवा.
- प्रमाणपत्राची मुदत विसरणे. सहा क्यू मॅनेजर असतील तर सहा तारखा. त्या कॅलेंडरवर टाका आणि किमान दोघांना आठवण जाईल असे करा.

अडकलेल्या मेसेजची किंमत

संचालकांना हा विषय तांत्रिक वाटतो, तेव्हा त्यांना एवढे सांगा. एनईएफटीचे पैसे बॅचची सेटलमेंट झाल्यापासून दोन तासांत खात्यात जमा व्हायला हवेत किंवा परत जायला हवेत. उशीर झाला तर संबंधित बँकेला रेपो दर अधिक २ टक्के या दराने ग्राहकाला व्याज द्यावे लागते. क्यूत राहून गेलेला मेसेज हा असा थेट खर्च आहे. म्हणून क्यूची खोली ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की मोबाइलवर इशारा येईल, अशी सोय क्यू मॅनेजर वाढवण्याच्या आधी करा.

व्हेंडरकडून काय मागण्याचा हक्क आहे

माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याबाबत रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी काढलेले निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. नागरी सहकारी बँकांपैकी ते तिसऱ्या आणि चौथ्या स्तरातल्या, म्हणजे ढोबळमानाने एक हजार कोटींपेक्षा जास्त ठेवी असलेल्या बँकांसाठी होते. ऑडिटचा अधिकार, माहितीवरची मालकी आणि सेवा सोडतानाची योजना करारात असावी, हा त्यांचा गाभा. तुमची बँक लहान असली तरी हीच कलमे करारात घालायला कोणी अडवलेले नाही. मागण्या अशा लिहा:

- प्रत्येक क्यू मॅनेजरची यादी आणि तो वेगळा का आहे याचे एका ओळीतले कारण
- दर महिन्याला सर्व व्याख्यांची प्रत, बँकेच्या ताब्यात
- परवाना बँकेच्या नावावर. प्रमाणपत्रांच्या किल्ल्या आणि प्रशासकाचे पासवर्ड सीलबंद स्वरूपात बँकेकडे
- व्हेंडरचा माणूस आत येतो तेव्हा त्याच्या प्रत्येक कृतीची नोंद
- करार संपल्यावर दुसऱ्या व्हेंडरकडे हस्तांतर करून देण्याचे बंधन आणि त्याचा कालावधी

नागरी सहकारी बँकांसाठी ३१ डिसेंबर २०१९ च्या सायबर सुरक्षा चौकटीने चार पातळ्या केल्या. डिजिटल सेवा आणि पेमेंट व्यवस्थेशी असलेली जोडणी यांवर तुमची पातळी ठरते. थेट सदस्यत्व घेतले की पातळी चढते आणि जबाबदाऱ्याही चढतात. क्यू मॅनेजरचा आराखडा काढण्याआधी ती पाहून घ्या. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. क्यू मॅनेजर जितके, तितक्या ठिकाणचे लॉग गोळा करावे लागतील, हेही हिशेबात धरा.

निर्णयाच्या बैठकीत

बैठकीला जाताना पाच पायऱ्यांचा तक्ता, गर्दीच्या तासाचा मोजलेला आकडा आणि एकदम बंद-चालू चाचणीला लागलेला वेळ, हे तीन कागद सोबत ठेवा. व्हेंडरने सुचवलेल्या प्रत्येक क्यू मॅनेजरच्या नावासमोर ‘हा वेगळा बंद कधी करावा लागेल, वेगळा कुठे हलवावा लागेल, वेगळा कोणाच्या ताब्यात असेल?’ याचे उत्तर त्याच्याकडूनच लिहून घ्या. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नसलेले नाव कोटेशनमधून काढा, आणि पैसे दुसऱ्या सर्व्हरवर किंवा चांगल्या डिस्कवर लावा.